आधी नवी गाणी

कॅनडात जन्मलेले आणि बहुतेक आयुष्य अमेरिकेत काढलेले गायक-गीतकार नील यंग बुधवारी, १२ नोव्हेंबर २०२५ रोजी, ८० वर्षांचे झाले. आपल्याकडे या वयात सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतात. पौर्णिमेच्या सुमारास रेकॉर्डिंग करणे ज्यांना आवडते आणि ज्यांच्या लोकप्रिय प्रेमगीताचे नाव ‘हार्वेस्ट मून’ आहे, त्यांना हा सोहळा शोभलाही असता. काटेकोर मोजायचे तर त्यांचा हजारावा पूर्णचंद्र पुढल्या वर्षी २८ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेला उगवेल. पण तेवढी वाट पाहण्याइतकी सवड वृत्तपत्रांना नसते. अशा वाढदिवसांना गाजलेल्या गाण्यांच्या याद्या निघतात, ‘एका युगाचा साक्षीदार’ वगैरे विशेषणे निघतात. ती निघोत. आम्ही मात्र या निमित्ताने एक चित्रपट पुन्हा पाहिला. दिग्दर्शक जोनाथन डेमी यांचा ‘नील यंग : हार्ट ऑफ गोल्ड’. येत्या फेब्रुवारीत तो प्रदर्शित झाल्याला २० वर्षे होतील. ज्येष्ठ कलावंताकडे कसे पाहावे, याचा इतका चांगला वस्तुपाठ आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

डेमी यांचे नाव बहुतेकांना ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मुळे ठाऊक असते. त्याआधी, १९८४ साली, त्यांनी ‘टॉकिंग हेड्स’ या बँडवर ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ हा चित्रपट केला होता. गाण्याचा कार्यक्रम चित्रित करायचा म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार त्यांच्याइतका फार थोड्यांनी केला असेल. या प्रकारच्या चित्रपटांत एरवी काय असते ते आपण जाणतो. डोक्यावरून घिरट्या घालणारा कॅमेरा, तीन सेकंद कुठे न टिकणारी दृश्ये, रडणाऱ्या-किंचाळणाऱ्या श्रोत्यांचे चेहरे, आणि मधूनच रंगपटातल्या गप्पा. गाणे चालू असते, पण ते नीट ऐकू द्यायचे नाही असा जणू चंगच बांधलेला असतो. डेमींच्या चित्रपटात यातले जवळजवळ काही नाही. श्रोत्यांचे चेहरे तर दिसतच नाहीत म्हटले तरी चालेल. गाणे सुरू झाले की कॅमेरा गाणाऱ्याजवळ जातो आणि तिथे थांबतो.

ज्याच्याजवळ तो थांबतो, त्या माणसाला काही महिन्यांपूर्वीच मृत्यूने दार वाजवून दाखवले होते. मार्च २००५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या समारंभानंतर यंग यांच्या दृष्टीत काहीतरी बिघाड जाणवला. तपासणीत मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आल्याचे निघाले. उपचाराची तारीख ठरली, आणि मधल्या मोकळ्या दिवसांत हे गृहस्थ नॅशव्हिलला गेले व स्टुडिओत बसून नवी गाणी करू लागले. गाणी ज्या क्रमाने सुचली त्याच क्रमाने रेकॉर्ड झाली आणि त्याच क्रमाने ‘प्रेअरी विंड’ या अल्बममध्ये आली. मेंदूवरचा उपचार यशस्वी झाला. पण एक-दोन दिवसांनी मांडीच्या ज्या धमनीतून नळी घातली होती तिथून रक्तस्राव सुरू झाला आणि यंग न्यूयॉर्कच्या रस्त्यात कोसळले. त्यातूनही वाचले. जूनमध्ये वडील गेले. स्कॉट यंग कॅनडातले नावाजलेले पत्रकार आणि क्रीडालेखक. अखेरच्या काळात त्यांची स्मृती गेली होती. ऑगस्टच्या १८ आणि १९ तारखेला, वयाच्या साठीला तीन महिने उरले असताना, यंग नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात उभे राहिले. त्या दोन रात्री म्हणजे हा चित्रपट.

कॅमेऱ्याशी या माणसाचे नाते मुळात प्रेमाचे नव्हे. ऑगस्ट १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग ही चौकडी गायली, तेव्हा यंग यांनी स्वतःचे चित्रण करू द्यायला साफ नकार दिला. मंचावर वावरणारे कॅमेरावाले त्यांना गाण्यात लुडबूड करणारे वाटत होते. त्यामुळे या महोत्सवावर निघालेल्या, त्या पिढीच्या सर्वांत प्रसिद्ध संगीतचित्रपटात ते दिसत नाहीत. (ती चौकडी मंचावर आली ती १८ ऑगस्टच्या पहाटे. रायमनमधली पहिली रात्र त्यानंतर बरोबर ३६ वर्षांनी. योगायोगच, पण नोंदवून ठेवावा असा.) पुढे मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘द लास्ट वॉल्ट्झ’मध्ये ते गायले खरे, पण त्यांच्या नाकपुडीत दिसणारा कोकेनचा कण चित्रपटातून पुसून काढावा लागल्याचा किस्साच त्यांच्या गाण्यापेक्षा जास्त सांगितला जातो. त्याआधीच त्यांनी ‘बर्नार्ड शेकी’ असे टोपणनाव घेऊन स्वतःच चित्रपट काढायला सुरुवात केली होती. ते चित्रपट विक्षिप्त आहेत, काही तर पाहवतही नाहीत, पण त्यामागचा हट्ट कळतो. आपल्याला कोणी पाहायचे आणि कसे, हे दुसऱ्यावर सोपवायचे नाही. असा माणूस साठीच्या उंबऱ्यावर डेमींना चेहऱ्याच्या इतक्या जवळ येऊ देतो, याचे कारण त्या मार्च महिन्यात असावे असे आम्हाला वाटते.

जागेची निवडही सहज झालेली नाही. रायमन ही वास्तू १८९२ ची. थॉमस रायमन या आगबोटींच्या मालकाने ती प्रार्थना-सभांसाठी बांधून घेतली. आजही तिथे खुर्च्या नाहीत, चर्चमधली लाकडी बाके आहेत. १९४३ ते १९७४ या काळात ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा रेडिओ कार्यक्रम इथूनच होत असे. अमेरिकेच्या दक्षिणेत या मंचाला देवळाचा मान आहे. आणि नील यंग यांचा त्याच्याशी जुना संबंध. फेब्रुवारी १९७१ मध्ये जॉनी कॅश यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी ते नॅशव्हिलला आले, त्याचे चित्रण रायमनमध्येच व्हायचे. त्याच मुक्कामात त्यांनी ‘हार्वेस्ट’ अल्बमची गाणी रेकॉर्ड करायला घेतली. कार्यक्रमाला आलेल्या लिंडा रॉनस्टॅड आणि जेम्स टेलर यांनाही त्यांनी स्टुडिओत ओढून नेले. तेव्हा पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना जड इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभे राहणे कठीण होते. बसून साधी गिटार वाजवायची, म्हणून त्या गाण्यांना तो मऊ, घरगुती पोत आला. १९७२ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बम तो हाच. म्हणजे दोन्ही वेळी दुखणेच त्यांना नॅशव्हिलच्या या शांत स्वराकडे घेऊन आले.

आता त्या दोन रात्रींचा क्रम पाहा. पूर्वार्धात यंग गातात ती जवळजवळ सगळी ‘प्रेअरी विंड’मधली गाणी, आणि तो अल्बम बाजारात यायला अजून महिनाभर अवकाश होता. बाकांवर बसलेल्या लोकांनी ती गाणी कधी ऐकलेलीच नव्हती. पस्तीस वर्षे जी गाणी पाठ आहेत ती ऐकायला आलेल्या माणसांपुढे हा गायक तासभर अनोळखी गाणी मांडतो, आणि दोन गाण्यांच्या मध्ये ती कुठून आली हे सांगतो. वडिलांनी लहानपणी हातात युकुलेले दिले, त्याची आठवण. मुलगी शिकायला घर सोडून चालली आहे, तेव्हा आजवर मुलींसाठी लिहिली तशी प्रेमगीते आता मुलीसाठी लिहायची वेळ आली, अशी मिस्कील कबुली. कॅनडाच्या माळरानावरचा वारा, आणि बापाच्या डोक्यातून एकेक करून निघून जाणाऱ्या आठवणी. हे सांगताना सूर रडका होत नाही. वडील गेल्याला दोनच महिने झालेत, पण श्रोत्यांकडे सहानुभूतीची पावती मागितली जात नाही.

एका गाण्याआधी ते हातातल्या गिटारविषयी बोलतात. ती मार्टिन कंपनीची १९४१ ची गिटार, हँक विल्यम्स यांची. विल्यम्स म्हणजे कंट्री संगीताचा मूळपुरुषच म्हणायचा. १९४९ मध्ये याच मंचावर त्याने प्रेक्षकांना वेड लावले, १९५२ मध्ये दारूपायी ऑप्रीने त्याला काढून टाकले, आणि १ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी तो गेला. ती गिटार यंग यांनी पुढे विकत घेतली, पण काचेच्या पेटीत ठेवली नाही. ते ती वाजवतात. गाणेही त्याच भावाचे आहे. वाद्य आपल्याकडे काही काळ सांभाळायला आलेले असते. विल्यम्सला हाकलून देणाऱ्या मंचावर त्याची गिटार इतक्या वर्षांनी वाजते आहे, यावर भाष्य करायचा मोह दुसऱ्या दिग्दर्शकाला आवरला नसता. जुनी छायाचित्रे, निवेदकाचा गंभीर आवाज, सगळे आले असते. डेमी गिटारच्या लाकडावर कॅमेरा ठेवतात. तेवढे पुरते.

चित्रपटाचे खरे वैभव साथीदारांत आहे. आपल्या मैफलीत गवई आणि तबलजी एकमेकांकडे पाहतात त्या क्षणात काय घडते हे रसिकाला कळते, पण आपल्याकडच्या चित्रणांत तो क्षण बहुधा हरवतो, कारण कॅमेरा सभागृहाच्या शेवटच्या रांगेत तिपाईवर खिळलेला असतो आणि दुसरा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांवर. एलेन कुरस यांच्या छायाचित्रणात हे पाहणे हीच मुख्य घटना आहे. पेडल स्टील गिटारवर बेन कीथ. १९७१ च्या त्या सत्रात ते अनोळखी वादक म्हणून आले होते, ते यंग यांच्यासोबत राहिले ते कायमचे. मान खाली, चेहऱ्यावर काही नाही, आणि हाताखालून निघणारा तो लांबलेला, पाणीदार सूर. ऑर्गनवर स्पूनर ओल्डहॅम. हे गृहस्थ वाजवत आहेत की नुसते बसले आहेत असा प्रश्न पडावा इतके निवांत. शेजारी एमिलू हॅरिस, आणि यंग यांच्या तेव्हाच्या पत्नी पेगी. ‘हार्वेस्ट मून’ सुरू होते, तेव्हा गिटारींची देखभाल करणारे लॅरी क्रॅग हातात केरसुणी घेऊन येतात आणि ती जमिनीवर ठेक्यात फिरवतात. मूळ रेकॉर्डवरचा तो ‘सर्र-सर्र’ आवाज केरसुणीचाच होता. एक माणूस अत्यंत गांभीर्याने मंच झाडतो आहे आणि त्यातून ताल उभा राहतो आहे, हे दृश्य पाहताना हसू येते आणि गाणे अधिकच आवडते.

उत्तरार्धात जुनी गाणी येतात, आणि पूर्वार्ध ऐकलेला असल्यामुळे ती वेगळी ऐकू येतात. ‘ओल्ड मॅन’चेच पाहा. १९७० मध्ये तरुण यंग यांनी उत्तर कॅलिफोर्नियात एक कुरण विकत घेतले. तिथली राखण करणारे लुई अव्हिला नावाचे वयस्क गृहस्थ त्यांना विचारते झाले की एवढ्या कोवळ्या पोराकडे असल्या जागेसाठी पैसे आले कुठून. नशीब, असे काहीसे उत्तर मिळाले. त्या भेटीतून गाणे झाले. पंचविशीतला मुलगा म्हाताऱ्याला सांगतो की आपण दोघे फार वेगळे नाही. रायमनमध्ये ते गाताना यंग स्वतः त्या म्हाताऱ्याच्या वयाच्या जवळ पोहोचले आहेत. शब्द तेच, पण आता कोण कोणाशी बोलते आहे हेच उलटे झाले. ‘फोर स्ट्राँग विंड्स’ हे गाणे तर त्यांचे नव्हे, कॅनडाच्या इयन टायसन यांचे. सोळा-सतरा वर्षांचे असताना विनिपेगजवळच्या फाल्कन लेक इथे खिशातले सगळे पैसे ज्यूकबॉक्समध्ये टाकून आपण ते पुन:पुन्हा ऐकले, असे यंग सांगतात. मग सगळे साथीदार गिटारी घेऊन ते गाणे म्हणतात. त्या क्षणी मंचावर कोणी तारा नसतो, एक श्रोता असतो.

आधी नवे, मग जुने, हा क्रम यंग यांच्या बाबतीत सवयीचा म्हणायला हवा. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ हे अमेरिकेतल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेले त्यांचे एकमेव गाणे. त्या यशाने आपल्याला रस्त्याच्या मधोमध आणून ठेवले, म्हणून आपण मुद्दाम कडेच्या खड्ड्याकडे वळलो, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहिले. तिथली माणसे अधिक रंजक होती म्हणे. १९८३ मध्ये तर त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीने, गेफेनने, त्यांच्यावर दावा लावला. तक्रार अशी की हे महाशय ‘नील यंगसारखे’ वाटणारे संगीत देत नाहीत. संगीताच्या धंद्यातला याहून विनोदी खटला आम्हाला माहीत नाही, आणि याहून मोठे प्रशस्तिपत्रही.

या खटल्यातल्या फिर्यादी पक्षात आपण सगळेच थोडेफार बसतो. ज्येष्ठ गायक मंचावर आला की आपल्याला त्याचे ठरावीक गाणे हवे असते, त्याच लयीत, त्याच हरकतींसह. त्याने नवी बंदिश काढली तर आपण घड्याळाकडे पाहतो आणि मागून चिठ्ठी पाठवतो. पंचाहत्तरीला, ऐंशीला शाल, श्रीफळ, मानपत्र देतो. मानपत्रात सगळी क्रियापदे भूतकाळी असतात. समोर बसलेला माणूस गेल्या आठवड्यात काय करत होता, हे विचारायचे कोणाला सुचत नाही. डेमींनी सन्मान केला तो वेगळ्या रीतीने. जुनी कात्रणे, जुनी दृश्ये, थोरामोठ्यांच्या स्तुतिपर मुलाखती यांतले काही न घेता त्यांनी एका माणसाचे या महिन्यातले काम दाखवले.

चित्रपट निर्दोष आहे असे नाही. सुरुवातीच्या मोटारीतल्या मुलाखती तशा अनावश्यक. साथीदार मंचावर स्वतःची ओळख अधिक चांगली करून देतात. एमिलू हॅरिससारख्या गायिकेला जवळपास पूर्ण वेळ मागेच उभे केले आहे, हे खटकते. ‘प्रेअरी विंड’ हा यंग यांचा सर्वोत्तम अल्बमही नव्हे. ‘व्हेन गॉड मेड मी’मधले प्रश्न फारच सरळ विचारलेले आहेत; ते तोलून धरले जाते ते फिस्क विद्यापीठाच्या ‘ज्युबिली सिंगर्स’मुळे. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी निघालेली आपली शाळा वाचवायला या गायकवृंदाने १८७१ मध्ये गात गात दौरा काढला होता. ती परंपरा मागे उभी राहिली की प्रश्नांना वजन येते. आणि चित्रपटातले सर्वांत सुंदर दृश्य नामावली चालू असताना येते, लोक चपला शोधत असतात तेव्हा. रिकाम्या सभागृहात यंग एकटेच बसून ‘द ओल्ड लाफिंग लेडी’ वाजवतात. ते इतक्या उशिरा ठेवण्यात डेमींचा खट्याळपणा असणार.

आज हा चित्रपट पाहताना एक गोष्ट मनातून जात नाही. त्या मंचावर मृत्यूची चाहूल लागलेला माणूस एकच होता, आणि बाकीचे त्याला साथ द्यायला आले होते. बेन कीथ २०१० मध्ये गेले. बास वाजवणारे रिक रोसास २०१४ मध्ये. ट्रम्पेटवाले वेन जॅक्सन २०१६ मध्ये. डेमी स्वतः २०१७ मध्ये. पेगी यांच्याशी २०१४ मध्ये घटस्फोट झाला आणि २०१९ च्या पहिल्याच दिवशी त्याही गेल्या. निरोपाचा म्हणून पाहिलेला हा कार्यक्रम निरोपाचा होता खरा, पण पाहुणे आणि यजमान यांची अदलाबदल झाली. यंग यांना पाचव्या-सहाव्या वर्षी पोलिओने गाठले होते, १९५१ च्या साथीत. तेव्हापासून त्यांचे शरीर त्यांना दगा देत आले आहे आणि त्यांना टिकवूनही ठेवत आले आहे.

हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाल्यावर काही आठवड्यांतच, २००६ च्या वसंतात, त्यांनी इराक युद्धाविरुद्ध ‘लिव्हिंग विथ वॉर’ हा कर्कश, संतापलेला अल्बम करून राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यावर महाभियोग चालवण्याची मागणी केली. ‘हार्ट ऑफ गोल्ड’मधला शांत आजोबा हवा असलेले श्रोते त्यानंतरच्या दौऱ्यात उठून गेले. त्यानंतर डेमींनीच त्यांच्यावर आणखी दोन चित्रपट केले, आणि यंदा डॅरिल हॅना यांचा ‘कोस्टल’ आला, २०२३ च्या एकल दौऱ्यावरचा. हॅना या त्यांच्या पत्नी. यंदाच जूनमध्ये ‘टॉकिन टू द ट्रीज’ हा नवा अल्बम निघाला, आणि त्याच महिन्यात इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात ते गायले. तिथेही कॅमेऱ्यावरून घोळ झालाच. त्यांच्या इच्छेवरून कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण होणार नाही असे बीबीसीने जाहीर केले, आणि ऐनवेळी ते झाले. ‘क्रोम हार्ट्स’ या त्यांच्या नव्या बँडमधली बहुतेक पोरे त्यांच्या मुलांच्या वयाची आहेत. ऑर्गनवर मात्र ८२ वर्षांचे स्पूनर ओल्डहॅम असतात, आणि ते वाजवत आहेत की नुसते बसले आहेत, हे अजूनही सांगता येत नाही.